दोघांचे अत्तर

गेल्या दिवाळीत माझ्या धाकट्या मुलाने मला सुगंधाची एक बाटली आणून दिली. तो पुण्याहून येतो तेव्हा प्रत्येकासाठी काही ना काही आणतो, आणि माझ्या वाट्याला बहुधा गुडघ्याचे मलम नाहीतर रक्तदाब मोजायचे यंत्र येते. त्यामुळे काळ्या चौकोनी खोक्यातून जाड काचेची, मधाच्या रंगाची बाटली निघाली तेव्हा मला वाटले, सुनेची वस्तू चुकून माझ्या हाती आली. मी ती परत करू लागले तर तो म्हणाला, "आई, तुझंच आहे ते."

"अरे, पण हे बायकांचं की पुरुषांचं?"

"दोघांचं. युनिसेक्स आहे."

खोक्यावर तो शब्द छापलेलाही होता. मी एकतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवले. लिंग म्हटले की पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग एवढेच मला ठाऊक. अत्तर नपुंसकलिंगी, वास पुल्लिंगी, खुशबू स्त्रीलिंगी. आता हे चौथे लिंग कोणते, असे मी विचारणार होते. पण सून हसत होती, आणि ती सासूच्या विनोदाला हसते की सासूला, हे सणासुदीच्या दिवशी तपासून पाहण्यात अर्थ नसतो.

नातीने खोक्याच्या पाठीवरचे घटक वाचून दाखवले. मिरी, दालचिनी, वेलदोडा, आले, व्हॅनिला, देवदार. "आज्जी, हा तर मसाला आहे!" असे म्हणून तिने झाकण काढले आणि मी नको नको म्हणत असताना माझ्या मनगटावर फवारा मारला. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. पाडव्याला अलीकडे मला तसे काही काम नसते.

आता या वासाविषयी सांगायचे तर ते अवघड आहे. वासांसाठी आपल्या भाषेत विशेषणे आहेत, पण खमंग सोडले तर उग्र, कुबट, खवट, करपट अशी बहुतेक तक्रारीचीच आहेत. चांगल्या वासाला आपण सरळ वस्तूचे नाव देतो. म्हणून मीही तसेच करते. पहिल्या क्षणाला दवाखाना. तो स्पिरिटचा वास, लगेच उडून गेला. मग मिरी आणि दालचिनी, पण खलबत्त्यात कुटताना नाकात जाते तशी नव्हे. मसाल्याचा डबा पुष्कळ दिवसांनी उघडल्यावर येते तशी. त्यामागून अद्रक. पुस्तकात आले म्हणतात, आमच्या तोंडी अद्रकच.

अद्रकाच्या बाबतीत फुलंब्रीच्या माणसाला फसवणे सोपे नाही. गावाच्या नावात फूल असले तरी तालुक्यात कापूस, मका आणि अद्रक. मे महिन्यात गादीवाफ्यावर लावतात आणि आठ-नऊ महिन्यांनी, थंडीत, खणून काढतात. त्या दिवसांत शेताच्या कडेने चालले तर ओल्या मातीत मिसळलेला एक आंबट-तिखट वास येतो. भाव असला तर तो लोकांना गोड लागतो; भाव पडला की त्याच वासाने डोके उठते. बाटलीतले अद्रक चांगले होते, पण ते धुऊन, सोलून, चहात टाकलेले. त्याला माती लागलेली नव्हती. मी मनातल्या मनात दहापैकी सहा गुण दिले.

अर्ध्या तासाने तिखट सगळे विरले आणि खालून गोड वर आले. नात म्हणाली, "आज्जीला केकचा वास येतोय." तिचे बरोबर होते, तिच्या पिढीचा व्हॅनिला केकातला. आमच्याकडे तो कस्टर्डच्या पुड्यातून आला, पाहुणे आले की. पण माझ्या नाकाला तो कस्टर्डही वाटला नाही. आटत आलेले दूध, त्यात जायफळ, आणि पातेल्याच्या कडेला लागलेली साय. तिन्हीसांजेपर्यंत तेही गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी घडी घालताना पदराला जो वास राहिला होता तो आमच्या शाळेच्या पुस्तकांच्या कपाटाचा. मला वाटले, हा माझा भ्रम. तो भ्रम नव्हता हे मला नंतर कळले, ते पुढे सांगते.

वास मला आवडला. तरी मी बाटली कपाटात, साड्यांच्या मागे ठेवून दिली. मुलगा पुण्याला परत गेला आणि दर रविवारी फोनवर विचारू लागला, "लावतेस ना?" मी म्हणे, "लावते की."

कपाटात त्या जागी आधीच एक कुपी होती. बोटाएवढी, काचेच्या बुचाची, तळाशी तपकिरी थेंब. ती आमच्या ह्यांची. हे पंचायत समितीत नोकरीला होते, आणि एवढ्या साध्या माणसाचा एकच शौक: थंडीत हिना, उन्हाळ्यात खस. दिवाळीच्या अभ्यंगस्नानानंतर, दर गुरुवारी आणि कोणाच्या लग्नाला जाताना कापसाचा इवलासा फाया करीत, कुपीत बुडवीत आणि उजव्या कानाच्या खोबणीत ठेवीत. फाया ठेवण्यापूर्वी माझा हात पुढे घेऊन मनगटाच्या मागच्या बाजूला तो एकदा टेकवीत. बोलत काही नसत. छत्तीस वर्षे एकाच फायाचा वास आम्ही दोघांनी लावला. तेव्हा त्याला युनिसेक्स म्हणतात हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते.

विचार केला तर आपल्याकडे अत्तराला स्त्री-पुरुष असा भेद नव्हताच. भेद होता तो लावण्याच्या जागेचा. पुरुषाने कानात, बाईने मनगटावर. माझे माहेर खुलताबादचे. तिथल्या उरुसात लहानपणी मी पाच पैशांत काडीवरचा फाया घेई. दुकानदार मुलांनाही तोच देई, मुलींनाही तोच. मोगरा लावून ताठ मिशांचे पाटील उरुसात फिरत, त्यांना कोणी बायकी म्हटले नाही. आणि फुलंब्रीचे नाव ज्यांच्या आडनावातून साऱ्या महाराष्ट्राने ऐकले ते मास्तर कृष्णराव (१८९८ सालचा त्यांचा जन्म, स्वतः आळंदीचे, आमचे गाव फक्त आडनावात) ज्या गंधर्व नाटक मंडळीत गायले, जिच्या नाटकांना त्यांनी चाली दिल्या, तिथे तर शालू नेसलेले, अत्तराने दरवळणारे बालगंधर्व रंगभूमीवर येत आणि घरंदाज बायका त्यांच्यासारखा पदर घेण्याचा सराव करीत. अत्तरापायी त्यांनी किती पैसा उडवला याच्या गोष्टी अजून सांगतात. ते अत्तर बाईचे की बुवाचे, हे विचारायचे कोणाला सुचले नाही.

भेद होता तो दुसऱ्याच ठिकाणी. २०१८ साली हे गेले. तेराव्यानंतरच्या संक्रांतीला शेजारच्या हळदीकुंकवाला मला बोलावणे आले, कारण गावात मी सगळ्यांची 'बाई'. अर्ध्या सुवासिनी माझ्या हाताखाली अआइई शिकलेल्या. "बाई, तिळगूळ घ्यायला या," असे बोलावणे. मी गेले. तबक फिरत आले. हळद, कुंकू, मग अत्तराची कुपी. माझ्याजवळ आल्यावर तबक थबकले नाही, हेही सांगायला हवे. ते अगदी सहज, कोणाला दिसू नये असे पुढे गेले. त्यात दुष्टावा नव्हता. मला संकोच होऊ नये म्हणून ती मुलगी घाई करीत होती, आणि तिला संकोच होऊ नये म्हणून मी हात पदराखाली घेतला होता. पुढच्या वर्षी हात आपोआप पदराखाली गेला. गुलाबदाणी मात्र असा हिशेब ठेवीत नाही. गुलाबपाणी उडते ते सगळ्यांवर.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे वगैरे प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने सगळ्या ग्रामपंचायतींना तसे करण्याविषयी परिपत्रकही काढले. मी ते वाचले, कात्रण ठेवले. पण परिपत्रकाला अत्तराच्या कुपीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. आणि खरे सांगायचे तर मला कोणी मनाई केलीच नव्हती. कपाटातली कुपी माझ्याच हाताने बंद राहिली होती.

मार्गशीर्षात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे शहरात जायचे होते. फुलंब्रीहून छत्रपती संभाजीनगर तीसेक किलोमीटर. चौक्याचा घाट उतरला की आलेच. एस.टी.वरची पाटी बदलली तरी तोंडातून अजून औरंगाबादच निघते. जाताना काय वाटले कोण जाणे, मी ती नवी बाटली रुमालात गुंडाळून पिशवीत टाकली. डॉक्टरांचे काम झाल्यावर रिक्षा केली आणि शहागंजला, घड्याळाच्या मनोऱ्यापाशी उतरले. हे ज्यांच्याकडून अत्तर घेत ते दुकान आत एका गल्लीत आहे. दुकान कसले, भिंतीतले कपाटच. पण सगळीकडे कुप्या, आणि मधे पांढरी टोपी घातलेले, हे असते तर त्यांच्याच वयाचे अत्तरवाले.

मी बाटली पुढे केली आणि म्हटले, "हे कसं आहे सांगता का? विकत नाही घ्यायचं तुम्ही, नुसतं सांगायचं."

त्यांनी फवारा स्वतःच्या हातावर मारला नाही. कागदाच्या पट्टीवर मारला, पट्टी हवेत दोनदा हलवली आणि बाजूला ठेवून दिली. मला चहा सांगितला. चहा पिऊन झाला तेव्हा पट्टी उचलून नाकापाशी नेली. मुलाने आणि सुनेने बाटली उघडल्या उघडल्या नाक लावून "वा!" म्हटले होते, वास जोखायला आधी त्याला एकटे सोडावे लागते हे मी त्या दिवशी शिकले.

"मावशी," ते म्हणाले, "हे तर आपलंच आहे. शमामा गोड करून भरलाय."

शमामा म्हणजे एका फुलाचे अत्तर नव्हे. त्यात वेलदोडा, लवंग, जायफळ, जटामांसी, नागरमोथा, आणि दगडफूलसुद्धा. दगडफूल म्हटल्यावर मी हसले; ते आम्ही काळ्या मसाल्यात घालतो. नागरमोथा तर दिवाळीच्या उटण्यातला. ह्यांची हिनाची कुपी म्हणजेही हेच मिश्रण होते, मेंदीच्या फुलांचे अत्तर वेगळे, असे त्यांनी समजावले. छत्तीस वर्षे मनगटावर मसाला लावून मी स्वयंपाकघरात मसाला कुटला आणि दोन्ही एकाच पोत्यातले हे मला कळले नाही!

कनौजला तांब्याच्या डेगीत फुले नि मुळे उकळून वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात, त्याची रीत त्यांनी हातवारे करून सांगितली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाटलीला नाव नाही ठेवत मी. ह्यात चंदन नाही, पण आमच्यातसुद्धा आता कुठं आहे? चंदनाचं तेल परवडत नाही. दुसऱ्या तेलावर उतरवतात. खरं पाहिजे तर मोजून थेंबभर मिळेल." स्वतःच्या मालाविषयी असे बोलणारा दुकानदार मी पुष्कळ वर्षांनी पाहिला.

उठताना त्यांनी विचारले, "साहेब नाही आले? हिना संपली असेल त्यांची."

मी म्हटले, "हो. संपली."

त्यांनी न विचारता कुपी भरली. मी पैसे दिले. हे गेले असे सांगायला मला काय झाले होते? पण त्या गल्लीत, त्या एका माणसापुरते, हे अजून घरी होते. मी माल न्यायला आले होते. मला ते मोडावेसे वाटले नाही.

घरी पुतणी आलेली होती. ती महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. तिला मी अत्तरवाल्यांची गोष्ट सांगितली, तर तिने खडू नाही म्हणून लाटण्याने पोळपाटावरच्या पिठात षट्कोन काढला. "काकू, हे बघ व्हॅनिलीन. व्हॅनिलाच्या शेंगेचा वास ज्याचा असतो ते." मग षट्कोनाची एक शेपटी पुसून दुसरी लावली. "ही लवंग." पुन्हा पुसली. "हे उकळलेलं आलं. ही मिरची." डोके तेच, शेपट्या निराळ्या. लवंगेच्या तेलापासून पूर्वी कारखान्यात व्हॅनिलीन करीतच असत म्हणे. त्याआधी १८७४ साली टीमान आणि हारमान या जर्मन रसायनज्ञांनी ते पाइन झाडाच्या रसातून मिळवले होते. लाकडातही ते दडलेले असते, कागद लाकडाचा, आणि कागद जुना झाला की त्याचा अंश सुटू लागतो. माझ्या पदराला शाळेच्या कपाटाचा वास आला होता तो यामुळे. मला फार बरे वाटले. या वयात भ्रम होणे आणि नाक शाबूत असणे यांत फरक आहे.

"आणि ही हळद," असे म्हणून तिने दोन षट्कोन एका साखळीने जोडले. हळदीचा पिवळा रंग ज्याचा, ते द्रव्य मोडले की त्यातूनही व्हॅनिलीन निघते. मी पीठ गोळा करून डब्यात भरायच्या आधी तो हळदीचा आकडा जरा वेळ तसाच ठेवला.

व्हॅनिलाचे मूळ झाड मेक्सिकोतले, ऑर्किडाची वेल. फ्रेंचांनी ती हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर नेली, तिला फुले आली, पण शेंगा धरेनात. फूल एकच दिवस उमलते, आणि परागीकरण करणारा कीटक तिकडे नव्हता. १८४१ साली तिथल्या मळ्यातल्या एदमों नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडीने पडदा बाजूला करून अंगठ्याने पराग दाबायची युक्ती काढली. आजही जगातला बहुतेक व्हॅनिला असाच, एकेक फूल हाताने टेकवून, पिकतो. १८४८ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा त्याला आल्बियस हे आडनाव मिळाले. पैसा मिळाला नाही, गरिबीतच तो १८८० साली मेला. पुढे पॅरिसच्या गेर्लांच्या घराण्याने १८८९ साली कृत्रिम व्हॅनिलीन घालून 'जिकी' काढले, ते बायकाही लावीत आणि पुरुषही. आणि १९२५ साली 'शालिमार', ज्याला नाव मोगलांच्या बागेचे. म्हणजे युनिसेक्सही नवे नाही आणि मसाला तर मुळीच नाही. आपल्याकडे 'गंधवाद' नावाच्या जुन्या ग्रंथावर मराठीत टीका आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोडे यांनी तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, आणि ती पोथी १९८९ मध्ये बडोद्याहून छापली गेली. सुगंध कसे मिसळावेत हे मराठीतून समजावून सांगणारा कोणी पंतोजी होऊन गेला, याचा मला व्यवसायबंधू म्हणून अभिमान वाटतो.

हे सगळे कळले म्हणून मी अत्तर लावू लागले असे नाही. ज्ञानाने कपाटे उघडत नाहीत. झाले असे की जानेवारीत थंडी चांगली पडली, पहाटे गुडघे आखडू लागले, आणि एकदा अंघोळीनंतर शाल घेताना वाटले, काहीतरी ऊबदार अंगावर असावे. मी बाटली काढली. दोन्ही मनगटांच्या मागच्या बाजूला एकेक फवारा. मग रोजच. थंडीत हा वास निराळाच वागतो हे मला आढळले. दिवाळीत तो गोडाचा डबा उघडल्यासारखा पसरला होता. पौषात अंगाजवळ राहिला, चुलीपाशी बसलेल्या मांजरासारखा. मी माझे गुण सहावरून साडेसातांवर नेले. दोन गुण मी कोणालाच देत नाही, माझे विद्यार्थी सांगतील.

संक्रांतीचे हळदीकुंकू त्याच शेजारच्या घरी. यजमानीण माझी विद्यार्थिनी, तिची मुलगी कॉलेजात. आदल्या दिवशी ती काही मागायला आली, माझ्याजवळ वाकली आणि म्हणाली, "आज्जी, कसला भारी वास येतोय! उद्या बाटली दाखवायला आणा ना." म्हणून बाटली पिशवीत होती. नाहीतर मी ती घेऊन गेले असते असे शपथेवर सांगवत नाही.

तबक आले. हळद आली, कुंकू आले, आणि पुढे सरकले. अत्तराची कुपी घेतलेली ती कॉलेजातली मुलगी माझ्यासमोर थबकली. तिला कोणी काही शिकवायचे राहिले असावे. तिने कुपी उघडली, हुंगली, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "ह्यापेक्षा तुमचंच चांगलं आहे, आज्जी. द्या ना मला."

मी बाटली काढली. तिच्या मनगटावर फवारा मारला. शेजारच्या सुनेने हात पुढे केला. मग तिच्या जावेने. "बाई, मला," "बाई, थोडं इकडं." वर्गात पाटी तपासून घ्यायला पोरी अशाच हात पुढे करीत. कोणी म्हणाले बासुंदी, कोणी म्हणाले पुरणाची पोळी, एकीला बाळंतिणीच्या खोलीतली सुंठ आठवली. मी पहिल्यांदाच त्या खोलीत तबकाच्या पलीकडच्या बाजूला होते. माझा हात थोडा कापत होता आणि फवारे दोन-तीन बायकांच्या बांगड्यांवर पडले.

कोपऱ्यात आमच्या भिंतीला भिंत असलेल्या काकू बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, काका अजून आहेत, अंथरुणावर. मी त्यांच्यापर्यंत पोहोचले तेव्हा त्यांनी हात पदराखाली घेतला. रागाने नव्हे, तोंडावर काही नव्हते. सहज, मला दिसू नये असा. पण ती हालचाल मला न दिसणे शक्य नव्हते. सहा वर्षे माझाच हात तसा जात होता. मी काही न बोलता पुढे गेले. घरी आल्यावर रात्री मात्र मला राग आला. काकूंचा नव्हे, बाटली घेऊन मी त्यांच्यापुढे उभी राहिले, त्यांना हात लपवायला लावले, याचा. मग त्या रागाचाही राग आला. झोप लागली तेव्हा दोन वाजून गेले होते आणि मनगटाला देवदार तेवढा उरला होता.

मार्चपासून बाटली बंद आहे. हा तिचा दोष नमूद केला पाहिजे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही वस्तू निकामी. घामात तिचा गोडवा नासतो; दुपारी बारा वाजता शिरा उतू गेल्यासारखा वास येतो. मी मुलाला फोनवर तसे सांगितले तर तो म्हणाला, बारा महिने वापरता येते असे खोक्यावर लिहिले आहे. खोके लिहिणाऱ्याने एप्रिलात फुलंब्रीच्या बसस्थानकावर अर्धा तास उभे राहावे, एवढेच माझे म्हणणे.

चैत्रात गौरीचे हळदीकुंकू आले. पन्हे, आंब्याची डाळ, भिजवलेले हरभरे. मी पिशवीशिवाय गेले आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले. काकू आधीच आलेल्या होत्या. पन्ह्याचा पेला खाली ठेवून त्या माझ्याकडे वळल्या.

"बाटली नाही आणली ती?"

"उन्हाळ्यात नाही चालत ती, काकू. घामात नासते."

"मग खस आण की." त्यांनी पदराने तोंड पुसले. "तुझा नवरा लावायचा ना उन्हाळ्यात. दारावरून गेला की मला भिंतीआडून कळायचं, पंचायत समितीची वेळ झाली. आता साडेनऊ कधी वाजतात तेच कळत नाही."

पुढच्या सोमवारी मी शहागंजला गेले आणि खसाच्या दोन कुप्या घेतल्या.